ताई, त्या कागदावर सही नको

पत्र :

सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर भोसरीत एका कंपनीत वेल्डर आहेत, वय ४४. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवतात, दुधाच्या आणि औषधकंपन्यांच्या. या कंपनीत नऊ वर्षं झाली, त्याआधी आठ वर्षं एका लहान फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होते, तिथे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापत नव्हते. दीड-दोन वर्षांपासून त्यांना दम लागतो. रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्टी वाजते. दिवाळीला गावी गेलो की दहा दिवसांत माणूस सुधारतो, कामावर परतले की चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. ईएसआयच्या दवाखान्यात दमा सांगितला, पंप दिला. दोन महिने आजारपणाच्या रजेवर आहेत. परवा कंपनीत बोलावून सांगितलं, राजीनामा लिहून द्या, पन्नास हजार देतो. तयार कागद समोर ठेवला : ‘माझी सर्व देणी मला मिळाली, कंपनीबद्दल काही तक्रार नाही.’ सुपरवायझर म्हणतात, बिडी ओढायचे म्हणून छाती खराब झाली. बिडी सोडून सहा वर्षं झाली हो. घरातले म्हणतात, मिळतंय ते घ्या, पुन्हा तेही मिळणार नाही. मुलगी बारावीला आहे. काय करू?

– एक वाचक भगिनी, भोसरी

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी एवढंच करा. तो कागद सही न करता घरी आणा. घरी नेऊ देत नसतील तर ‘वकिलांना विचारून सांगतो’ म्हणून भाऊजींनी उठून यावं. राजीनामा नाही, ‘देणी मिळाली’ नाही, कोऱ्या कागदावर अंगठा तर अजिबात नाही. बाकीचं सगळं सावकाश करता येईल, पण ही एक सही झाली तर प्रत्येक पायरीवर तोच कागद तुमच्या तोंडावर धरला जाईल.

घरातल्या मोठ्यांचं बोलणं मला कळतं. रजेच्या दोन महिन्यांनी घर रिकामं होतं, आणि पन्नास हजार एकरकमी समोर दिसतात. म्हणून आधी त्या पन्नास हजारांचाच हिशेब करू. तुम्ही सोबत पाठवलेल्या पगारपत्रकात एकूण पगार १९,५०० आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १४,००० आहे. नऊ वर्षांची नोकरी झाली, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, नोकरी सुटताना कंपनीने द्यायच्या एकरकमी पैशाचा, हक्क कधीच तयार झाला. तिचा हिशेब सरळ आहे : १४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९. उत्तर येतं ७२,६९२ रुपये. माणूस धडधाकट असता आणि आज स्वखुशीने नोकरी सोडून गेला असता, तरी ही रक्कम कंपनीला द्यावीच लागली असती. म्हणजे आजाराचे पैसे बाजूलाच राहिले, त्यांच्या हक्काच्या ग्रॅच्युइटीतूनच बावीस हजार कमी करून ते ‘मदत’ म्हणून देऊ करत आहेत. हा आकडा घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

आता आजाराकडे येते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कायद्याचं नाही, दिवाळीचं आहे. गावी गेले की बरं वाटतं, कामावर आले की पुन्हा त्रास. छातीचे डॉक्टर कामामुळे झालेला दमा ओळखताना नेमकं हेच विचारतात. साध्या दम्यात कामाशी असा जोडलेला चढउतार सहसा दिसत नाही. जो दमा सुट्टीत निवतो आणि शेडमध्ये पेटतो, त्याचं मूळ शेडमध्ये असण्याची शक्यता मोठी असते. तुम्हाला हे दोन वर्षं दिसत होतं, पण दवाखान्यात कोणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. आता सांगायचं.

त्या शेडच्या हवेत काय असतं? दुधाच्या टाक्यांना बहुधा ३०४ नावाचं स्टेनलेस वापरतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, पेटला की धातूची वाफ होते, ती वाफ हवेत गार होऊन तिचे इतके बारीक कण बनतात की एक मायक्रॉनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाहीत. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. असा कण नाकातल्या केसांत अडकत नाही, रुमालात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या टोकाला जाऊन बसतो. स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियम काही प्रमाणात अशा रूपात असतं, ज्याला रसायनशास्त्रात सहासंयुजी क्रोमियम म्हणतात. ते दमा लावतं आणि कॅन्सरही करतं. निकेलचंही तसंच. रॉडच्या वेल्डिंगमध्ये हा भाग जास्त निघतो, आर्गन वायू वापरून केलेल्या वेल्डिंगमध्ये कमी. भाऊजी दोन्ही करत असतील, तर कोणतं काम किती वर्षं केलं हे वेगवेगळं आठवून ठेवा. पुढे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लियाँ शहरात आहे. तिने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला. या गटात माणसाला कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टी असतात, तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच यादीत आहेत. आणि हे फक्त स्टेनलेसपुरतं नाही, साध्या लोखंडाच्या वेल्डिंगचा धूरही त्यात आला. त्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने तिकडच्या कारखान्यांना बजावलं की छताखाली वेल्डिंग करायचं तर धूर ओढून घेणारी यंत्रणा हवीच, नुसती खिडकी उघडी ठेवून चालणार नाही. आपल्याकडे कारखाने अधिनियमाने १९४८ मध्येच सांगून ठेवलं होतं की धूळ आणि धूर जिथे तयार होतो त्याच्या जवळात जवळ तो ओढून घ्यायचा. म्हणजे कायदा होता. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या लहान शेडमध्ये जा आणि वेल्डरच्या डोक्यावर धूर ओढून घेणारं हूड शोधा. बहुतेक ठिकाणी मागे एक पेडेस्टल पंखा दिसेल. तो धूर नेत नाही, या माणसाकडून त्या माणसाकडे सरकवतो.

भाऊजी टाकीच्या आत उतरून वेल्डिंग करत असतील, असं मी धरून चालते. मग ही गोष्ट आणखी गंभीर आहे. आत धुराला जायला वाट नसते, शिवाय आर्गन हवेपेक्षा जड असतो. तो टाकीच्या तळाशी साचून प्राणवायूला वर ढकलतो, त्याला ना रंग ना वास. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, तो थेट बेशुद्ध पडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही पडतो. टाकीत उतरण्याआधी हवा मोजायची, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, तोंडाशी एक माणूस सतत उभा हवा. आणि ‘जरा बरं वाटावं’ म्हणून आत ऑक्सिजनची नळी कधीही सोडायची नाही. कपडे एका ठिणगीने पेटतात. हे त्यांच्या सोबत काम करणाऱ्या मुलांनाही सांगा, कारण आज ते त्याच टाक्यांत उतरत आहेत.

इथे मला थोडं स्वतःचं सांगू द्या. माझे वडील वेल्डर होते, मुंबईत, एका वर्कशॉपमध्ये. शनिवारी त्यांना गुळाचा खडा मिळायचा, कधी दूध. धूर पोटात जातो आणि गूळ तो काढून टाकतो अशी सगळ्यांची समजूत. आईही घरी डब्यात गूळ द्यायची. पण धूर पोटात जातच नाही हो, तो फुप्फुसात जातो, आणि फुप्फुसापर्यंत गूळ पोहोचत नाही. गूळ खायला माझी ना नाही, फक्त तो हूडच्या जागी ठेवू नका. जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, पाइप जोडले की वडिलांना रात्री हुडहुडी भरून ताप यायचा, तोंडाला धातूची चव, अंग मोडून यायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरायचं. आई म्हणायची, मलेरिया. तो जस्ताच्या वाफेचा ताप होता. सलग काम केलं की शरीर त्याला सरावतं, रविवारची सुट्टी झाली की सराव तुटतो आणि सोमवारी ताप पुन्हा येतो. शेवटची वर्षं ते उशीला टेकून बसून झोपायचे. आम्ही भरपाई मागायला गेलो तेव्हा वर्कशॉप बंद होऊन गेलं होतं, हजेरीपुस्तक नव्हतं, आणि वीस वर्षांच्या केसपेपरवर एकाही डॉक्टरने ‘वेल्डर’ हा शब्द लिहिलेला नव्हता. मी वकील झाले त्याचं हे एक कारण आहे. धूर तर उडून गेला, आणि त्याचा माग ठेवणारा कागद आम्ही केलाच नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमचं खरं काम आता कागदाचं आहे. आणि ते कंपनी करणार नाही, तुम्हालाच करावं लागेल.

एक फुलस्केप वही घ्या. भाऊजींना शेजारी बसवा आणि सतरा वर्षांचं काम लिहून काढा. कोणत्या साली कुठे, कोणता धातू, रॉड की आर्गन की सीओटू, दिवसाला किती तास, महिन्यात ओव्हरटाइम किती, टाकीच्या आत किती वेळ, धूर ओढणारं यंत्र होतं की नाही, मास्क कोणता दिला. मास्क म्हणजे कापडी होता की आयएसआय छापाचा, हेही लिहा. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची नावं वहीत ठेवा, उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर. जुन्या शेडचं पगारपत्रक, ओळखपत्र, बँकेतल्या जमा रकमा, एखाद्या लग्नाच्या आहेराची कंपनीच्या नावाची पावती, शेडमध्ये हातात हँडशील्ड घेऊन काढलेला मोबाइलमधला फोटो, जे सापडेल ते एका पिशवीत. फोटो डिलीट करू नका, त्यावर तारीख असते.

मग दवाखाना. ईएसआयच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत शांतपणे सांगा : हे सतरा वर्षं वेल्डर आहेत, नऊ वर्षं स्टेनलेसवर, आणि सुट्टीत बरे होतात. आणि विनंती करा की हे केसपेपरवर लिहा. तेवढं लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. तिथे फुंकून करायची तपासणी होईल, गरज वाटली तर सीटी स्कॅन. वेल्डरच्या फुप्फुसात लोखंडाची पूड साचून एक्स-रेवर बारीक ठिपके दिसू शकतात, आणि धंदा माहीत नसलेला डॉक्टर ते ठिपके टीबीचे समजून औषधं सुरू करू शकतो. म्हणूनही धंदा सांगायचा. न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा, वेल्डरना तो संसर्ग जास्त होतो.

एक छोटं यंत्र मात्र आजच विकत घ्या. पीक फ्लो मीटर म्हणतात, औषधांच्या मोठ्या दुकानात काही शे रुपयांत मिळतं. नळीत जोरात फुंकायचं, काटा किती सरकतो तो आकडा लिहायचा. उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, दिवसातून निदान चार वेळा, प्रत्येक वेळी तीन फुंका मारून त्यातला मोठा आकडा. सध्या ते घरी आहेत म्हणून आत्ताचे आकडे ‘कामाविना’ असतील. डॉक्टरांच्या परवानगीने ते पुन्हा कामावर गेले, तर तिथलेही आकडे दोन-तीन आठवडे लिहा. कामाच्या दिवसांत काटा खाली आणि सुट्टीत वर, असा आलेख तयार झाला तर डॉक्टरांच्या हातात तो भक्कम पुरावा असतो. मात्र हा आलेख काढायचा म्हणून त्यांना धुरात ढकलू नका. दम वाढला तर पुरावा गेला खड्ड्यात, आधी माणूस.

आता पैशाची बाजू, आणि इथे एका शब्दाने फार मोठा फरक पडतो.

सध्या त्यांना आजारपणाचा भत्ता मिळत असेल. तो पगाराच्या ७० टक्के असतो आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. म्हणजे साधारण १३,६५० महिन्याला, आणि आणखी एक महिन्याने संपेल. पण हाच दमा ‘व्यवसायजन्य रोग’ म्हणून नोंदला गेला, तर तो कामावरच्या अपघातासारखा धरला जातो. मग भत्ता ९० टक्के, म्हणजे जवळपास १७,५५०, आणि तो ९१ दिवसांवर तुटत नाही, तात्पुरतं अपंगत्व टिकेल तितके दिवस चालतो. पुढे कमावण्याची ताकद कायमची कमी झाली असं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर त्या टक्केवारीने आयुष्यभर मासिक भत्ता. समजा ३० टक्के ठरवली, तर १७,५५० च्या ३० टक्के म्हणजे ५,२६५ रुपये दरमहा, हयात असेपर्यंत. पन्नास हजार तर दहा महिन्यांतच भरून निघतात. शिवाय अशा अपंगत्वामुळे नोकरी सोडावी लागली, तरी वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत नवरा-बायकोचं ईएसआयचं औषधपाणी चालू राहतं. बाहेर महिन्याचे पंप विकत घेणाऱ्याला विचारा, याची किंमत काय असते.

ईएसआयच्या कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत कामातल्या पदार्थाच्या ॲलर्जीने झालेला दमा आहे. क्रोमियम, मँगनीज, कॅडमियम यांच्यामुळे होणारे आजारही आहेत. या गटातल्या आजारांसाठी नियम असा की ज्या मालकाकडे माणूस सलग किमान सहा महिने त्या कामावर होता, तिथे आजार कामातूनच झाला असं आधी धरून चालायचं, तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर. भाऊजींची नऊ वर्षं झाली आहेत. त्यामुळे ‘सिद्ध करा बघू’ असं कोणी दरडावलं, तर घाबरून जाऊ नका.

करायचं असं. ईएसआयच्या शाखा कार्यालयात व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या की हा आजार व्यवसायजन्य असल्याचं आमचं म्हणणं आहे, प्रकरण विशेष वैद्यकीय मंडळाकडे पाठवावं. सोबत वहीतल्या कामाच्या इतिहासाची प्रत, केसपेपर, फुंकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट. कंपनीलाही त्याच दिवशी पत्र द्या की आजार कामामुळे झाला आहे, आपण ईएसआयला कळवावं. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कंपनीने घ्यायला नकार दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती पिशवीत. मंडळाचा निर्णय पटला नाही तर वर अपील असतं. ईएसआयची मुंबईत व्यवसायजन्य रोगांसाठी वेगळी यंत्रणा आहे, तिथे पाठवण्याची मागणी अर्जातच लिहून टाका.

आणि हो, आजारपणाचा किंवा अपंगत्वाचा भत्ता चालू असताना कामगाराला काढून टाकायला ईएसआयच्या जुन्या कायद्यात मनाई होती. त्यांना हे चांगलं माहीत आहे. म्हणूनच ते काढत नाहीत, राजीनामा मागतात.

बिडीचं काय, तेही सांगते. बिडीने फुप्फुस खराब होतं, यात वाद नाही, सोडली हे फार चांगलं झालं. पण बिडीमुळे झालेला दम दिवाळीत गावी गेल्यावर दहा दिवसांत का सुधारेल?  सुपरवायझरना उत्तर देत बसू नका. डॉक्टरांना मात्र बिडीबद्दल खरं ते सांगा, किती वर्षं, दिवसाला किती, कधी सोडली. लपवलं आणि नंतर निघालं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

आधीच्या शेडमधली आठ वर्षं मी विसरलेले नाही. तिथे ईएसआय कापत नव्हते असं तुम्ही लिहिलं आहे. ईएसआय नसलेल्या कामगारासाठी १९२३ पासून भरपाईचा वेगळा कायदा होता. ज्या वाचकांना तोच लागू आहे, त्यांच्यासाठी त्या जुन्या कायद्याचा हिशेब देते : महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचा, हे २०२० पासून. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, आणि त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं. ४४ व्या वर्षाचा गुणक १७२.५२ आहे. पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाला १५,५२,६८० रुपये होतात, ३० टक्क्यांना ४,६५,८०४. देणं महिन्याभरात चुकतं केलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ठेकेदाराचा माणूस असेल तर मूळ कंपनीही जबाबदार. हक्क सोडून देणारा करार केला असेल तर तो करार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक. तुमच्या बाबतीत मात्र त्रास या नऊ वर्षांत, ईएसआय चालू असताना सुरू झाला, आणि ईएसआय असताना त्याच आजारासाठी मालकावर वेगळा दावा चालत नाही. म्हणून त्या शेडच्या मागे आता धावू नका. ती आठ वर्षं कामाच्या इतिहासात लिहा, तेवढी त्यांची गरज आहे.

हे जुने कायदे, ग्रॅच्युइटीचा धरून, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. ईएसआयची व्यवस्था कायम आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या संहितांमुळे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मालकाच्या खर्चाने आरोग्यतपासणी आली. धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी एकच कामगार असला तरी ईएसआय लागू. तुमचा आजार कोणत्या तारखेला नोंदला गेला त्यावर अर्जात कुठलं कलम लिहायचं ते ठरेल, ते वकिलाचं काम, त्याची चिंता तुम्ही करू नका.

वकिलाचे पैसे कुठून आणू, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणार. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तुम्ही दोघंही त्यात बसता. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालेल. कंपनीत युनियन असेल तर तिच्या माणसाला अर्जाच्या वेळी सोबत न्या, एकट्याने जाण्यापेक्षा बरं पडतं.

भाऊजींनी आता वेल्डिंग करावं का? माझ्या मते नाही, आणि बहुतेक छातीचे डॉक्टरही हेच सांगतील. कामामुळे झालेला दमा लवकर ओळखून धुरातून माणूस बाहेर काढला तर तो बराच सुधारतो. पंप मारून वर्षानुवर्षं तिथेच उभा राहिला तर मग काम सोडलं तरी दमा अनेकदा सुटत नाही. पण काम सोडणं म्हणजे नोकरी सोडणं नव्हे. डॉक्टरांकडून लेखी घ्या : ‘वेल्डिंग, ग्राइंडिंग व बफिंगच्या धुरापासून दूर ठेवावे.’ ती चिठ्ठी लावून कंपनीकडे दुसऱ्या कामाची लेखी मागणी करा. सतरा वर्षांचा वेल्डर टाकी नुसती हात फिरवून सांगतो की जोड कुठे कच्चा आहे. तपासणीत, स्टोअरमध्ये, ड्रॉइंग वाचून नव्या मुलांना शिकवण्यात त्याचा उपयोग आहे. त्यांना घरी बसून निकामी वाटत असेल, तर हे तुम्ही त्यांना सांगा. तुमच्या तोंडून त्यांना जास्त पटेल.

तिथल्या बाकीच्या मुलांसाठी एक गोष्ट नंतर, भाऊजींचा अर्ज शिक्क्यासह हातात आल्यावर. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे राज्याचं खातं कारखान्यातला धूर, हूड, मास्क तपासतं. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. ओढणारं हूड आर्कच्या वीतभर अंतरात हवं, तोंड धुराच्या लोटाबाहेर हवं, आणि मास्क निदान आयएस ९४७३ छापाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. तोही फक्त कण अडवतो, वायू अडवत नाही. ट्रायक्लोरोइथिलिनसारख्या द्रावणाने पुसलेला पत्रा पूर्ण सुकल्याशिवाय त्यावर आर्क मारायचा नाही, त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू निघतो आणि त्याचा त्रास काही तासांनी उमटतो. कॅडमियमचा मुलामा असलेल्या वस्तूला तर टॉर्च लावायचाच नाही. धुरात काम केल्यावर रात्री ताप आला आणि सकाळी दम वाढत गेला, तर तो ‘नेहमीचा ताप’ समजून घरी पडून राहू नये, थेट दवाखाना.

तुमच्या मुलीची बारावी आहे, तिच्यावर या कागदांचा भार टाकू नका. फक्त वही तिच्याकडून आखून घ्या : तारीख, वेळ, तीन फुंका, आणि शेवटच्या रकान्यात ‘घरी’ की ‘कामावर’. उद्या सकाळी भाऊजी उठले की पंप घेण्याआधी पहिली फुंक, आणि पहिला आकडा तिथे लिहा. पंप नेहमीप्रमाणे चालूच ठेवा.